बयाणा

आठांपैकी सात माग भंगारात गेले, त्याच आठवड्यात
नरसय्याने जयगडला फोन लावला.
"होडी करून हवी. शिडाची. लाकडाची. फायबर नको."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग दाऊद वस्ता म्हणाले,
"सोलापुरात समुद्र कधी आला?"

मी ज्वारीचं पीठ चाळत होते. मला वाटलं चेष्टा.
पण त्याने बयाणा पाठवला, एकवीस हजार एक,
लग्नाच्या हॉलला देतात तसा.

वस्ता रात्रीच्या एसटीने आले.
सोबत पुतण्या, आणि किंतानाच्या पिशवीत
तासणी, पटाशी, सामता,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे.

नरसय्याने ग्राफपेपर पुढे सरकवला.
तीस वर्षं त्याची नक्षी म्हणजे भोकं पाडलेले पुठ्ठे,
कुठला धागा उचलायचा, कुठला नाही,
सगळं आधीच ठरलेलं.
वस्तांनी कागद उलटा करून त्यावर सुपारी कातरली.
"पठाण बसू दे. बाकीचं आपसूक."
पठाण म्हणजे होडीचा कणा, हे मला त्या दिवशी कळलं.

लाकडासाठी दोघं मंगळवेढ्यापर्यंत फिरले.
वखारवाला सरळसोट साग दाखवत होता,
वस्ता बांधावरच्या बाभळीपाशी थांबले,
उकिडवे बसून, एक डोळा मिटून.
"ही आपणहून वाकलीय. ही मोडायची नाही."
शेतकरी हसला. त्या झाडाला आजवर कुणी
सरपणाखेरीज काही म्हटलं नव्हतं.

शेडमध्ये, मागांच्या बोल्टांची भोकं अजून फरशीत होती तिथे,
बरगड्या उभ्या राहिल्या.
आमचा जुना जॉबर मल्लेशम दारात येऊन म्हणाला, "पडव."
वस्ता म्हणाले, "होय, पडावच. लहान."
एक तेलुगू बोलला, एक कोकणी,
आणि दोघांना वाटलं समोरच्याला आपली भाषा येते.

शीड विणायला आठवा माग होताच.
नरसय्याला त्यावर मोर हवा होता.
"नको," वस्ता म्हणाले. "वाऱ्याला नक्षी दिसत नाही."
तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी मागावर कोरा पांढरा ताणा चढला.

मग एप्रिल. बेचाळीस, त्रेचाळीस.
रात्री फळ्या वाजायच्या.
टक.
बऱ्याच वेळाने पुन्हा टक.
वस्ता उठून अंधारात तिच्या कुशीवरून हात फिरवत.
"हिला तहान लागलीय."

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
माळ्यावर परत आलेल्या चादरी होत्या, एकशे दहा,
रंग जातो म्हणून व्यापाऱ्याने नाकारलेल्या.
त्या भिजवून तिच्यावर घातल्या.
समोरची यादम्मा ओरडली,
"माणसं कोरडी, आणि तुमची लाकडं प्यायला बसली!"
पुढच्या नळाला तिनेच दोन घागरी आणून ओतल्या.
का, ते विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

नळाचं पाणी उजनीचं.
उजनीवरच तर सोडायची होती तिला.
हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा हात बादलीत होता,
मी तो तसाच ठेवला थोडा वेळ.

कापूस ठासून झाला, राळ लागली, डोलकाठी आडवी बांधून ठेवली.
वस्ता निघताना नरसय्याने शेवटचा हप्ता काढला.
"तरंगली की द्या," ते म्हणाले,
आणि एक ओली चादर पिळून, खांद्यावर टाकून गेले.

पेपरात रोज येतं: उजनी वजा अठरा.
वजा वीस.
नरसय्या घडी घालून पेपर ठेवतो, शिडाची किनार तपासतो.
मी चादरी उलटते.
सुकाणूजवळच्या फळीवर लाल रंगात अर्धा मोर उमटलाय,
मान आणि थोडा पिसारा.
घासून पाहिला. जात नाही.
वस्तांना अजून कळवलेलं नाही.